स्वयंरोजगार

स्वयंरोजगार म्हणजे कोणाही मालकाकडे वेतनावर न राहता स्वतःच्या श्रमावर, कौशल्यावर व भांडवलावर उपजीविका करणे. शेतकरी, किराणा दुकानदार, शिंपी, रिक्षाचालक, खानावळ चालवणारी स्त्री, वकील, भाषांतरकार, शिकवणी घेणारे शिक्षक असे परस्परांहून अगदी भिन्न लोक या एका संज्ञेखाली येतात. मिळणारी रक्कम हे वेतन नसून व्यवसायाची प्राप्ती असते आणि तोट्याची जोखीम ज्याची त्याने उचलायची असते, एवढेच त्यांच्यात समान असते. स्वयंरोजगार करणारी व्यक्ती एकाच वेळी कामगारही असते आणि त्या कामगाराची मालकही. यांपैकी दुसरी भूमिका पुष्कळदा विसरली जाते आणि या मार्गातील बऱ्याच अडचणींचे मूळ तेथेच सापडते.

भारतीय संविधानाच्या १९(१)(छ) या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला कोणताही पेशा आचरण्याचे अथवा कोणताही व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे.

व्याख्या आणि मोजणी

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९३ च्या वर्गीकरणात स्वयंरोजगारी व्यक्तींचे चार गट आढळतात : मजूर ठेवून धंदा करणारे, एकट्याने करणारे, उत्पादक सहकारी संस्थांचे सभासद आणि कुटुंबाच्या धंद्यात हातभार लावणारे नातेवाईक. २०१८ च्या सुधारित वर्गीकरणात ‘परावलंबी कंत्राटदार’ हा नवा गट आला. कागदोपत्री स्वतंत्र, पण काम, दर आणि गिऱ्हाईक या तिन्ही बाबतींत दुसऱ्याच्या हाती असलेले लोक या गटात मोडतात.

भारतात ही मोजणी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून होते. त्यानुसार काम करणाऱ्यांपैकी स्वयंरोजगारी व्यक्तींचे प्रमाण २०१७-१८ मध्ये सुमारे ५२ टक्के होते; २०२३-२४ मध्ये ते सुमारे ५८ टक्के झाले. ही वाढ केवळ उद्यमशीलतेची खूण मानता येत नाही. पगाराची नोकरी न मिळाल्याने शेतीवर परतलेला तरुण आणि नोकरी सोडून स्वतःचे कार्यालय थाटणारा अभियंता या आकड्यात शेजारी शेजारी बसलेले असतात. स्त्रियांच्या बाबतीत तर अधिक सावधपणे वाचन करावे लागते. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे दोनतृतीयांश स्वयंरोजगारात गणल्या गेल्या. मात्र एकूण काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एकतृतीयांशाहून अधिक जणी कुटुंबाच्या शेतीत वा धंद्यात बिनमोबदला मदतनीस होत्या. नवऱ्याच्या दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसणारी बाई आकडेवारीत स्वयंरोजगारी ठरते, पण गल्ला तिचा नसतो.

गावगाड्यापासून गिरणगावापर्यंत

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण ज्या समाजात रूढ झाली त्या समाजात बहुतेकांचे जीवन पगाराबाहेरच होते. महाराष्ट्रातील गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट इत्यादी बारा बलुतेदार आपापल्या अवजारांनी गावाची कामे करत आणि सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते घेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. या कारागिरांना आजच्या अर्थाने स्वयंरोजगारी म्हणणे मात्र घाईचे ठरेल. अवजारे त्यांची असली, तरी कामाचा दर ठरवण्याचे, गिऱ्हाईक नाकारण्याचे वा जातीने ठरलेला धंदा बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांना नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात सुधारणा सुचवणारे विधेयक मांडले. काम अमर्याद आणि मोबदला अनिश्चित, हाच त्यामागचा मुख्य मुद्दा होता. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला.

कापडगिरण्या, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांमुळे नोकरीला प्रतिष्ठा आली व मध्यमवर्गाने वरील म्हणीचा क्रम उलटा केला. तरीही नोकरीच्या सावलीत नवे स्वयंरोजगार उगवत राहिले. मुंबईत १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबे पोहोचवण्याची व्यवस्था हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. त्यात डबेवाला हा नोकर नसून भागीदार मानला जातो. गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना दोन वेळचे जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी तर घराच्या एका खोलीत धंदा उभा केला. या धंद्याची मर्यादाही तेथेच दिसली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे चालू झाल्या नाहीत. तेव्हा कामगारांचा पगार थांबला आणि त्यावर चालणारी खानावळही ओस पडू लागली. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबलेला स्वतंत्र धंदा त्या गिऱ्हाइकाच्या नोकरीइतकाच स्थिर असतो.

मालकाविना संघटना

कामगार संघटना म्हटली की समोर मालक हवा, ही समजूत अहमदाबादेत मोडली गेली. इला भट यांनी १९७२ मध्ये डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या, फेरीवाल्या व घरी शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची ‘सेवा’ ही संघटना स्थापन केली. नोंदणीच्या वेळी, या स्त्रियांना मालकच नाही, मग त्यांची कामगार संघटना कशी होईल, असा आक्षेप घेण्यात आला. संघटना ही कोणाविरुद्ध असण्यापेक्षा सभासदांच्या एकीसाठी असते, हा युक्तिवाद अखेर मान्य झाला. १९७४ मध्ये चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपये भागभांडवल घालून स्वतःची सहकारी बँक काढली. पुढे इला भट यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने १९८८ मध्ये ‘श्रमशक्ती’ हा अहवाल सादर केला. असंघटित क्षेत्रातील व स्वयंरोजगारी स्त्रियांच्या श्रमाची दखल घेणाऱ्या सरकारी दस्तऐवजांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

मुंबईत गोवा मुक्तिलढ्यातील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खानावळवाल्या स्त्रियांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारी नेले. त्याआधी १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला होता, तोच पुढे लिज्जत पापड या नावाने प्रसिद्ध झालेला उद्योग. तेथे पापड लाटणाऱ्या स्त्रीला ‘बहीण’ म्हणतात व ती संस्थेची सहमालक असते. पीठ मळणे, दर्जा तपासणे, विक्री व जाहिरात ही एकटीच्या आवाक्याबाहेरची कामे संस्थेने उचलली आणि लाटण्याचे काम तेवढे घरी राहिले. एकटीने पापड लाटून दारोदार विकणाऱ्या स्त्रीशी तुलना केली असता या विभागणीचे मोल कळते.

नोकरी की स्वतःचे काम : मिळकतीचा हिशेब

नोकरी सोडून स्वतःचे काम करू पाहणारा मनुष्य साधारणतः पगाराचा आकडा व धंद्यातील जमेचा आकडा यांची तुलना करतो. ही तुलना फसवी असते, कारण पगाराच्या मागे मालकाने केलेला खर्च आणि जमेच्या मागे स्वतः केलेला खर्च तिच्यात दिसत नाही.

समजा, एका कारखान्यातील वायरमनला महिना २०,००० रुपये पगार आहे व त्या कारखान्यास संबंधित कामगार कायदे लागू आहेत. मालक भविष्यनिर्वाह निधीत १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये भरतो. राज्य कामगार विम्यासाठी सव्वातीन टक्क्यांप्रमाणे ६५० रुपये भरतो. पाच वर्षांच्या सेवेनंतर द्यावयाच्या उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, महिन्याची विभागणी सुमारे ९६० रुपये पडते. वर्षाचा किमान बोनस ७,००० रुपये धरला, तर या कामगारावर वर्षाला सुमारे २,८८,००० रुपये खर्च होतात. कामगाराला तो स्वतः पाहतो त्यापेक्षा सुमारे ४८,००० रुपये अधिक मिळत असतात.

आता हाच वायरमन स्वतंत्र झाला. रविवार, सणवार व आजारपण वगळता वर्षात सुमारे २९० दिवस कामाचे उरतात. जागा पाहून अंदाजपत्रक देणे, सामान आणणे, राहिलेल्या पैशासाठी फेऱ्या मारणे यांत चारातला एक दिवस जातो आणि त्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही. म्हणजे आकारणी करता येतील असे दिवस सुमारे २१८. पेट्रोल, अवजारांची झीज, दूरध्वनी यांपोटी महिना ५,००० रुपये धरले तर वर्षाचे ६०,००० होतात. नोकरीत होती तीच स्थिती राखायची झाल्यास त्याला वर्षाला ३,४८,००० रुपये जमा व्हायला हवेत, म्हणजे आकारणीच्या प्रत्येक दिवसाला सुमारे १,६०० रुपये. पगाराला २६ ने भागून येणारा रोज मात्र ७६९ रुपये आहे. नवखा मनुष्य आपला दर बहुधा या ७६९ च्या आसपास ठरवतो आणि थोडा वाढवून हजार केला तर आपण नफ्यात आहोत असे समजतो. प्रत्यक्षात तो दर दिवशी ६०० रुपये कमी घेत असतो. ही तूट लगेच जाणवत नाही. ड्रिल यंत्र जळते, अपघात होतो किंवा पन्नाशी उलटते, तेव्हा ती उघड होते.

या हिशेबात घरच्यांच्या श्रमाची किंमत धरलेली नाही. गिऱ्हाइकांचे निरोप घेणारी, उधारीची वही ठेवणारी पत्नी किंवा सुट्टीत दुकान सांभाळणारा मुलगा यांच्या जागी पगारी माणूस ठेवावा लागला असता तर किती खर्च आला असता, हा प्रश्न विचारल्यावाचून धंद्याचा खरा नफा कळत नाही. रशियन अर्थतज्ज्ञ अलेक्झांडर चायानोव यांनी शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासात ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडली होती. मजुरी द्यावी लागत नसल्याने असे कुटुंब स्वतःच्या श्रमाचे अधिकाधिक शोषण करून टिकून राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

म्हणून जाणकार दोन सवयींवर भर देतात. पहिली, धंद्याचे खाते व घरचे खाते वेगळे ठेवून धंद्यातून स्वतःला दरमहा ठरावीक रक्कम ‘पगार’ म्हणून देणे. तेजीच्या महिन्यात उरलेली रक्कम धंद्यातच राहते आणि मंदीच्या महिन्यात उपयोगी पडते. बांधकामाशी निगडित कामे पावसाळ्यात मंदावतात, शिवणकाम दिवाळी व लग्नसराईत वाढते, शिकवण्या एप्रिलनंतर थांबतात. प्रत्येक धंद्याला असे ऋतू असतात. दुसरी सवय, नोकरी सोडण्यापूर्वी निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवणे व कुटुंबाचा आरोग्यविमा उतरवणे. नोकरी करत असतानाच फावल्या वेळात थोडी गिऱ्हाइके मिळवून पाहणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय. मात्र नियुक्तीच्या अटींत त्यास मनाई नाही ना, हे आधी पाहावे लागते.

येणे आणि वसुली

स्वयंरोजगारी व्यक्तीचा धंदा पुष्कळदा कामाच्या अभावी बुडत नाही; केलेल्या कामाचे पैसे वेळेवर न आल्याने बुडतो. नोकराचा पगार थकला तर दाद मागण्याची ठरलेली जागा असते. लहान कंत्राटदार मात्र पुढचे काम जाईल या भीतीने गप्प बसतो. काम सुरू करण्यापूर्वी आगाऊ रक्कम, कामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्ते आणि दोन ओळींचा का होईना लेखी करार हे यावरचे जुने व अजूनही खात्रीचे उपाय आहेत. ओळखीच्या माणसाकडे आगाऊ पैसे मागण्याचा मराठी संकोच येथे महागात पडतो.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यात याविषयी बऱ्यापैकी कडक तरतूद आहे. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उपक्रमाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे करता येते. त्यासाठी जुलै २०२० पासून चालू असलेली ‘उद्यम’ नोंदणी व्यवहारापूर्वीच झालेली असणे हिताचे ठरते. ती विनाशुल्क असून पूर्णपणे ऑनलाइन करता येते. २०२४ पासून आयकराच्या नियमांतही अशी जोड देण्यात आली, की मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही.

भांडवल व प्रशिक्षण

कर्जाच्या योजना अनेक आहेत. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (२००८) खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत चालतो व त्यात अनुदान मिळते. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत तारणाविना कर्जाची सोय आहे. फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये स्वनिधी योजना आली, तर पारंपरिक १८ व्यवसायांतील कारागिरांसाठी २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना.

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेली संस्था आदर्श ठरली. तिच्या धर्तीवर पुढे देशभर बँकांमार्फत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निघाल्या. महाराष्ट्रात १९८८ पासून छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र हे काम करते. अनुदान मिळते म्हणून धंदा निवडणे हा मात्र उलटा क्रम होय. कर्जाचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, गिऱ्हाईक तसे येईलच असे नाही.

नोंदणी व कर

महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेस नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते. खाद्यपदार्थांच्या धंद्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी व वीजजोडणीच्या कामास विद्युत निरीक्षण विभागाचा परवाना लागतो. वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे केवळ वस्तूंच्या विक्रीत ४० लाख आणि सेवांत २० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीनंतर बंधनकारक होते. आयकरात लहान व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची सवलत आहे : धंद्याच्या उलाढालीच्या ८ टक्के (बँकेमार्फत वा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के) आणि डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा ठरावीक पेशांत जमेच्या ५० टक्के रक्कम उत्पन्न मानली जाते. या मार्गाने जाणाऱ्यास तपशीलवार हिशेबवह्या ठेवण्याची सक्ती नाही. स्वतःसाठी त्या ठेवू नयेत असा याचा अर्थ नव्हे.

रस्त्यावरचा धंदा

फेरीवाल्यांचा प्रश्न जागेचा असतो. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग खटल्यात रस्त्याच्या कडेला व्यापार करणे हे वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून संविधानाने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्यात येते, असे मान्य केले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण व विक्री प्रमाणपत्र यांची तरतूद केली. समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत व त्यांपैकी एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवू नये, असेही त्यात म्हटले आहे.

नावापुरता स्वयंरोजगार

मोबाइल ॲपवरून प्रवासी नेणारे व घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवणारे तरुण करारात ‘भागीदार’ असतात. वाहन, इंधन व अपघाताची जोखीम त्यांची. दर, काम वाटण्याची पद्धत व कामावरून काढण्याचा अधिकार कंपनीचा. वर उल्लेखिलेला ‘परावलंबी कंत्राटदार’ हा गट यांना चपखल लागू पडतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून किमान वेतन व पगारी रजेस पात्र असे कामगार आहेत, असा निर्णय दिला. भारतात २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ व ‘प्लॅटफॉर्म कामगार’ यांची प्रथमच व्याख्या केली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. ही रक्कम कामगारांना दिल्या जाणाऱ्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी मर्यादाही आहे. राजस्थानने २०२३ मध्ये या कामगारांसाठी देशातील पहिला स्वतंत्र कायदा केला.

एखादे काम खरोखर स्वतंत्र आहे की नाही हे ओळखण्यासाठी साधे प्रश्न उपयोगी पडतात. दर कोण ठरवतो? काम नाकारले तर दंड होतो काय? गिऱ्हाइकाचे नाव व पत्ता कोणाकडे राहतो? आपल्या जागी दुसऱ्यास पाठवता येते काय? उत्तरे प्रतिकूल असतील, तर स्वतंत्र व्यावसायिकाची जोखीम पदरी पडते आणि त्याचे स्वातंत्र्य मात्र मिळत नाही.

वार्धक्याची तरतूद

नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधी त्याने लक्ष दिले नाही तरी साठत जातो. स्वयंरोजगारी व्यक्तीला ही सक्ती स्वतःवर घालावी लागते. १९६८ पासूनचा सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, यासाठी खुला असून त्यात वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत भरता येतात. त्याची मुदत १५ वर्षांची आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली मे २००९ पासून सर्व नागरिकांसाठी खुली झाली. कमी उत्पन्नाच्या असंघटित कामगारांसाठी २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना आहे. तीत १८ ते ४० वयात नाव नोंदवल्यास साठीनंतर महिना किमान ३,००० रुपये मिळतात. २०१५ च्या अटल निवृत्तिवेतन योजनेत वयाच्या चाळिशीपर्यंतच प्रवेश मिळतो आणि ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना त्यात नव्याने सामील होता येत नाही. या योजनेत साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपयांची हमी आहे. योजना सुरू झाली तेव्हाही हे आकडे हेच होते आणि महागाईबरोबर ते वाढण्याची तरतूद योजनेत नाही.